मागे चालणारा घोडा

माझ्या काकांचा पाय सतत ब्रेक शोधत असतो. ते ड्रायव्हिंग शिकवतात. शिकवण्याच्या गाडीत शेजारच्या सीटसमोरही एक ब्रेक असतो. शिकणारा गडबडला की मास्तरांनी तो दाबायचा. काकांनी तो आयुष्यभर इतका दाबला आहे की आता गाडी नसली तरी पाय दाबतोच. काकू गरम पातेलं घेऊन बाहेर आली की सोफ्यावर बसल्या बसल्या काकांचा पाय जमिनीत रुततो. जिन्यावरून कुणी धडधडत उतरलं की रुततो. बातम्या देणारी बाई फार भराभर बोलायला लागली तरी रुततो. सोफ्यासमोरची फरशी त्या जागी पांढुरकी झाली आहे असं काकू म्हणते. काका म्हणतात, फरशीच हलकी लागली.

आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर राहतो. माझे वडील म्हणतात की दादाकडे शिकलेला माणूस कधी कुणाला धडकत नाही, कारण तो फारसा कुठे जातच नाही.

काकांची मुलगी, माझी ताई, दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते आणि बसने जाते. तिला गाडी येत नाही. काकांनी तिला शिकवायला घेतलं होतं, पण गल्लीच्या टोकापर्यंत पोचेस्तोवर त्यांनी इतके ब्रेक मारले की गाडी हे थांबण्याचंच यंत्र आहे असं तिला वाटायला लागलं.

“चालवतंय कोण, बाबा? मी की तुम्ही?”

“चालवतेस तू. थांबवतो मी.”

ताई दार उघडून उतरली आणि चालत घरी निघाली. काका तिच्यामागोमाग, पहिल्या गिअरमध्ये, इंडिकेटर लावून. तो विषय त्यानंतर घरात निघाला नाही.

जिन्यात कुणाला तरी ‘सावकाश उतर’ असं सांगायला मागे वळताना काका स्वतःच पडले आणि नेमका तोच पाय प्लास्टरमध्ये गेला. घरात बसून ते इतके चिडचिडे झाले, की माझ्या भावाने आपलं खेळाचं यंत्र आणून त्यांच्या टीव्हीला जोडलं आणि त्यात ‘सात तळ्यांचं राज्य’ लावून दिलं. घोड्यावर बसायचं आणि वाटेल तिकडे जायचं. डोंगर, दऱ्या, बाजार, राजवाडे, आग ओकणारे प्राणी. हा खेळ करणाऱ्यांनी आधी फार मोठ्या गोष्टी बोलून ठेवल्या होत्या. राज्यातल्या प्रत्येक माणसाला मन असेल, प्रत्येक प्राण्याला स्मरण असेल, पान गळलं तरी राज्याला कळेल. प्रत्यक्षात राजा मेला तरी राज्याला कळत नव्हतं. दरबार चालूच राहायचा, आणि रिकाम्या सिंहासनाला सगळे मुजरे घालायचे.

खेळणाऱ्यांची मतं जिथे छापून येतात ते पान काका पेपरसारखं वाचायला लागले, तेही मोठ्याने. “ऐक गं,” ते काकूला म्हणत. “‘राजाच्या मिशा राजाच्या आधी दरबारात येतात.’ हे बरोबर आहे, मी पाहिलंय. ‘डोंगर सुंदर आहेत. मी एकात अडकलो होतो, त्यामुळे आतूनही पाहिले. आतून निळे आहेत.’ ‘ज्या दरोडेखोराला मी ठार मारलं तो दुसऱ्या दिवशी मला टोपल्या विकत होता. टोपली चांगली निघाली.’ ‘संध्याकाळी तळ्याकाठी उभं राहिलं की या लोकांना सगळं माफ करावंसं वाटतं. मग घोडा तळ्यात बुडतो.’”

“मग एवढं सगळं मोडकं आहे तर लोक खेळतात कशाला?” काकू विचारायची.

“आभाळ बघ ना,” काका म्हणायचे.

प्लास्टर निघालं, शिकवण्या सुरू झाल्या, तरी संध्याकाळी चहा झाला की काका राज्यात जात राहिले. जात कसे, तर काकांसारखेच. घोडा रस्त्याच्या कडेने चालवायचा. पळवायचा नाही. चौक आला की पूर्ण थांबायचं, दोन्हीकडे बघायचं, मनात तीन मोजायचे, मग पुढे. त्या राज्यात वाहतूक अशी नव्हतीच. कधी एखादी बैलगाडी दिसली तर ती चाकांपर्यंत जमिनीत गेलेली.

आणि एके दिवशी काकांचा घोडा चौकात मागे जायला लागला.

काकांनी ताईला लिहायला बसवलं. काका या पानावर ‘दुसरा ब्रेक’ या नावाने लिहीत, म्हणजे ते सांगायचे आणि ताई लिहायची. “लिही. घोडा चौकात मागे जातो. पाठीमागून कोण येतंय याचा विचार नाही. ज्याने हा घोडा केला त्याने आयुष्यात काही चालवलेलं नाही. एक तारा. तोसुद्धा आभाळाला.”

खाली उत्तरं आली. ‘आमचा घोडा भिंतीत घुसतो, परवा झाडावर होता, पण मागे जात नाही.’ ‘साहेब, तुम्ही उलटे बसला असाल.’ ‘वय झालं की असं वाटतं.’

घोड्यापेक्षा ही उत्तरं काकांना जास्त लागली. मास्तर म्हणून लोक त्यांना कडक म्हणत, हळू म्हणत, भित्रे म्हणत. खोटं बोलता असं कुणी म्हटलं नव्हतं. “तो घोडेवाला मला भेटू दे एकदा,” ते जेवताना म्हणाले. “घराच्या उंबऱ्यात पाय ठेवू देणार नाही.”

“मग सोडून द्या ना खेळ,” माझा भाऊ म्हणाला.

“वाईट चालवणाऱ्याला मी गाडीतून उतरवून देतो का?”

त्या सगळ्या टवाळीत एक उत्तर सरळ होतं. कुणीतरी विचारलं होतं, ‘तुम्ही चौकात नेमकं काय करता, ते सांगाल का?’ काका म्हणाले, हाही त्यातलाच, त्याला लिही की डोळे असते तर विचारलं नसतं. ताईने तसं लिहिलं नाही. थांबणं, दोन्हीकडे बघणं, तीन मोजणं, सगळं नीट लिहिलं. दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं. ‘मागे गेला.’ बस, एवढंच. ताईने फोन माझ्यापुढे धरला तेव्हा तिचा चेहरा मी आधी न पाहिलेला होता.

तो माणूस घोडेवाला होता. खरोखरच. आमच्याच शहरात त्याचं ऑफिस होतं, आणि त्या राज्यातले घोडे त्याने केले होते. दोघं भेटली. सुरुवातीला घोड्याविषयी बोलली. घोड्याविषयी बोलण्यासारखं तसं फार नसतं, त्यामुळे लवकरच बाकीचं बोलणं सुरू झालं, आणि मग एक दिवस ताईने काकांना सांगितलं की एक मुलगा आहे, मला त्याच्याशी लग्न करायचं आहे.

“काय करतो?”

“कॉम्प्युटरचं काम.”

“ते सगळेच करतात. गाडी येते?”

“येते.”

“रविवारी आण. चालवताना बघतो.”

ताई वर आमच्याकडे आली आणि माझ्या पलंगावर आडवी पडली. “घोडा हा शब्द तोंडातून काढायचा नाही, असं त्याला सांगितलंय,” ती म्हणाली. “आधी बाबांना माणूस आवडू दे. मग मी सांगेन.”

“तो काय म्हणाला?”

“म्हणाला, मग मी बोलू काय?”

रविवारी तो आला. उंच, किडकिडीत, शर्ट नवा, त्याच्या घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या. काकू चहा ठेवायला निघाली तेवढ्यात काका म्हणाले, आधी गाडी. ताई आणि मी मागे बसलो. तो स्टिअरिंगवर, काका शेजारी. शिकवण्याच्या गाडीत मास्तरांसाठी वेगळा छोटा आरसा असतो; त्यात मागचा रस्ता दिसतो आणि जरा खाली वाकवला तर मागे बसलेलेही दिसतात. ताईने आरशातून नजर चुकवली.

तो गाडी बरी चालवत होता. काकांचा पाय दोनदा दाबला गेला, पण तो सवयीने. मग पाण्याच्या टाकीजवळचा चौक आला. सगळीकडे सामसूम होती. तरी तो पूर्ण थांबला. एकीकडे बघितलं. दुसरीकडे बघितलं. त्याचे ओठ किंचित हलले, आणि मला कळलं की तो तीन मोजतोय.

काका त्याच्याकडे वळले. इतक्या वर्षांत त्यांच्या कुठल्याही विद्यार्थ्याने न सांगता हे केलं नव्हतं. “हे कुणी शिकवलं तुम्हाला?”

खोटं बोलायला थोडी तरी तयारी लागते. त्याने ती केलेली नव्हती. “तुम्हीच,” तो म्हणाला. “तुम्ही लिहिलं होतं ना. मी आधी घोड्यावर करून बघितलं. मग गाडीतही सवय लागली.” आणि आता अर्धवट ठेवण्यात अर्थ नाही असं बहुतेक त्याला वाटलं. “तो घोडा मी केलाय, काका.”

गाडी उभीच होती. तरीही काकांनी ब्रेक दाबला. ताईने डोळे मिटून घेतले.

“उतरा,” काका म्हणाले.

तो दाराला हात घालू लागला.

“इथे? चौकात कुणी उतरतं का? पुढे बाजूला घ्या. इंडिकेटर.”

त्याने इंडिकेटर दिला, गाडी एका बंद दुकानासमोर घेतली, हँडब्रेक ओढला. कुणी उतरलं नाही. इंडिकेटर टिकटिकत राहिला, आणि काकांनी तो बंद करायलाही सांगितलं नाही.

“तो मागे जातो,” काका म्हणाले. “तुम्ही पाहिलाय.”

“माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. ऑफिसमध्ये चौघांना बोलावून दाखवलाही.”

“म्हणजे मी खोटं बोलत नव्हतो.”

“अजिबात नाही.”

“मग का जातो?”

“तो शिकतो, काका. सगळ्यांना स्मरण देणार होतो आम्ही. दुकानदारांना, कुत्र्यांना, राजाला. वेळ पुरला नाही, एकेकाचं काढून टाकत गेलो. घोड्याचं मी कुणाला न सांगता राहू दिलं. ते कुणाच्या लक्षातच आलं नाही, कारण सगळे पळवतात. तुम्ही त्याला प्रत्येक चौकात थांबवलंत. त्याला वाटलं, चौकात काहीतरी भयंकर असतं. मग चौक दिसला की…”

“की मागे येतो.”

“हो. राजाच्या मिशा आमची चूक. निळे डोंगर आमची चूक. पण घोड्यात बिघाड नाही.”

“बाबा,” ताई मागून हळूच म्हणाली, “तो तुमचा विद्यार्थी आहे.”

काकांनी छोट्या आरशात पाहिलं. आरसा जरासा खाली वाकवला. बराच वेळ ते त्यात बघत होते, आणि या वेळी ताईनेही नजर चुकवली नाही. मग ते म्हणाले, “चला घरी. चहा गार होत असेल.”

चहा अजून केलाच नव्हता. घोडेवाला पायपुसण्याशी येऊन थांबला. ‘उंबऱ्यात पाय ठेवू देणार नाही’ हे त्याने ताईकडून ऐकलेलं असणार. काका चपला काढता काढता म्हणाले, “ये आत. वाट अडवू नको.” बाहेरच्यांपैकी ते फक्त विद्यार्थ्यांना अरे-तुरे करतात, त्यामुळे काकूने कपात जरा जास्त साखर घातली.

“त्याला विसरायला लावता येतं का?” टीव्ही लावत काकांनी विचारलं.

“येतं. चौकात न थांबता पुढे जात राहायचं. हळू गेलात तरी चालेल. आज ना उद्या त्याला कळतं की काही होत नाही.”

काकांनी राज्य उघडलं. तळ्याच्या बाजूने रस्ता जात होता आणि वर ते प्रसिद्ध आभाळ, केशरी होऊ घातलेलं. पहिला चौक आला. काकांचा अंगठा थांबला. घोडा मोठ्या अदबीने चार पावलं मागे गेला. काकांनी पुन्हा हाकलला. पुन्हा चौक, पुन्हा अंगठा.

“अहो, नका ना थांबू,” काकू म्हणाली.

“मी कुठे थांबतोय? हात थांबतो.”

तिसऱ्या वेळेनंतर त्यांनी कंट्रोलर ताईच्या मांडीवर ठेवला. “तू बघ.”

ताईने आयुष्यात तो खेळ खेळला नव्हता. फक्त त्याच्या तक्रारी लिहिल्या होत्या. तिने घोडा चालवला. चौक आला, काकांचा पाय फरशीच्या त्या पांढुरक्या जागेवर दाबला गेला, घोड्याने मान झटकली, पाय मागे टाकला. ताई थांबली नाही. घोडा अडखळत का होईना, चौकातून पार झाला. पुढच्या चौकात पाय पुन्हा दाबला गेला, पण जरा उशिरा. घोडेवाला श्वास रोखून बसला होता. इतक्या लोकांनी त्याचा घोडा पळवला होता, पण घोड्याला समजावताना तो पहिल्यांदाच कुणाला बघत असावा.

मग पूल आला. त्याला कठडे नव्हते; करणाऱ्यांना वेळ पुरला नव्हता. खाली तळं, त्यात सगळं केशरी आभाळ उतरलेलं. ताईने घोडा पुलावर घातला. मी टीव्हीकडे न बघता खाली बघितलं. काकांचा पाय फरशीवर नुसता ठेवलेला होता.

काकूनेही बघितलं. “झोपले का गं?” तिने मला कुजबुजत विचारलं.

“जागा आहे,” काका म्हणाले.

घोडा पलीकडे पोचला. घोडेवाल्याने घसा साफ केला. “मग त्या ताऱ्यांचं काही…”

“एकच राहील. पुलाला कठडे बसव, मग बघू.” ते ताईकडे वळले. “उद्या सकाळी लवकर उठ. खरी गाडी काढायची.”

“तुम्ही शेजारी बसणार असाल तर नको.”

“मी मागे बसेन.”

“मग शेजारी?”

काकांनी घोडेवाल्याकडे मानेने दाखवलं. “हा बसेल. याला ब्रेक कुठे असतो ते दाखवतो. दाबायचा नाही हेही सांगतो.”

“आणि मागे बसून तुमचा पाय काय करणार?” काकूने विचारलं.

“मागच्या सीटसमोर काही नसतं,” काका म्हणाले. “मी आत्ता येताना बघितलं.”