लॉरेटाने लाइन का थांबवली

“तुम्ही सरळ नाही म्हणू शकता,” केसलर म्हणाले. “हा जर्मनी आहे. इथे बसलेल्या माणसाला अमेरिकेतलं कोर्ट ओढून नेऊ शकत नाही. साक्ष द्यायची की नाही, हे पूर्णपणे फ्रायविलिग आहे.”

फ्रायविलिग म्हणजे ऐच्छिक. केसलर माझे बॉस. मोटारींच्या सीटचे सांगाडे बनवणाऱ्या आमच्या कंपनीचं मुख्य ऑफिस स्टुटगार्टला, आणि एक कारखाना अमेरिकेच्या दक्षिणेत. त्या कारखान्यातून काढून टाकलेल्या लॉरेटाने कंपनीवर दावा लावला होता, आणि तिच्या वकिलांची मला साक्षीसाठी विचारणा आली होती.

“ऐच्छिक म्हणजे मी हो पण म्हणू शकते ना?” मी विचारलं.

“आल्झो, म्हणजे थिअरीमध्ये...”

“ठीक आहे. मग हो.”

केसलरनी चष्मा काढून पुसायला घेतला. ते चष्मा पुसायला लागले की पुढचं वाक्य काही धड नसतं, एवढं मला त्या ऑफिसात राहून कळलं होतं.

“फ्राऊ जगताप, तुमचं कॉन्ट्रॅक्ट या वर्षअखेरीपर्यंतच आहे ना?”

“गेनाऊ, अगदी बरोबर,” मी म्हणाले. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या.

आता हे प्रकरण काय होतं ते सांगते. मी ट्रेनर आहे. वेल्डिंग करणारे रोबो एका जाळीच्या पिंजऱ्यात असतात. त्या पिंजऱ्याला आम्ही सेल म्हणतो. सेलचं दार उघडलं की रोबो जागच्या जागी थांबला पाहिजे, म्हणून दारावर एक स्विच असतो. तो चुंबकावर चालतो. दार बंद असलं की त्याला दारातलं चुंबक जाणवतं, उघडलं की जाणवत नाही आणि सगळं बंद पडतं. माणसाचा हात, डोकं, जीव शाबूत राहतो तो या स्विचमुळे. पण उत्पादनाची घाई असलेल्या लोकांना तो नकोसा असतो. मग कोणीतरी त्या स्विचवर बाहेरून दुसरं चुंबक चिकटवून ठेवतं. स्विच बिचारा समजतो दार बंदच आहे. दार सताड उघडं, आत माणूस, आणि रोबो चालू. हा उद्योग मी तीन देशांतल्या कारखान्यांत पाहिला आहे आणि प्रत्येक ठिकाणी माझं डोकं फिरलं आहे.

अमेरिकेच्या कारखान्यात मेंटेनन्सचा टीम लीड नेमायचा होता. उमेदवारांची परीक्षा घ्यायला मला पाठवलं. माझी पद्धत साधी. मशीनमध्ये मी मुद्दाम काही बिघाड लपवते आणि उमेदवाराने ते शोधायचे. शेवटपर्यंत दोघं उरले, लॉरेटा आणि कोडी. लॉरेटा त्या कारखान्यात पहिल्या दिवसापासून होती, काळी, पन्नाशीची, कमी बोलणारी. कोडी गोरा, तिशीच्या आतला, हसतमुख. दोघंही चांगले होते. लॉरेटा जास्त चांगली होती.

तिची परीक्षा रविवारी ठेवली होती. सेलपाशी आम्ही तिघंच होतो, ती, मी आणि तिथला प्लँट मॅनेजर. पलीकडे जादा ऑर्डरसाठी उत्पादनाची लाइन चालू होती. लॉरेटाने माझे लपवलेले बिघाड शोधले. मग ती सेलच्या दारापाशी गेली, वर हात फिरवला आणि लाल बटण दाबलं. अख्खी लाइन थांबली.

“हे तू ठेवलंयस?” तिने मला विचारलं. स्विचवर हिरव्या टेपने चुंबक चिकटवलेलं होतं.

“नाही,” मी म्हणाले. ते मी ठेवलेलं नव्हतं. मी स्वतःच्या नखांनी ती टेप खरवडून काढली आणि चुंबक मॅनेजरच्या हातात दिलं.

मॅनेजर लॉरेटावर ओरडला. न विचारता लाइन थांबवायचा अधिकार तिला कुणी दिला, ती नेहमीच अशी अरेरावी करते, वगैरे वगैरे. लॉरेटा फक्त म्हणाली, “सर, आत माणूस असता तर?” त्यावर त्याने पाठ फिरवली.

बुधवारी कोडीची परीक्षा झाली. त्याच सेलवर. त्याच दारावर पुन्हा चुंबक होतं, तीच हिरवी टेप. कोडीनेही लाल बटण दाबून लाइन थांबवली. मॅनेजरने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर टाळ्या वाजवायला लावल्या. टीम लीडला असं धाडस लागतं म्हणाला. मी तिथेच त्याला सांगितलं, हेच लॉरेटाने रविवारी केलं होतं. तो म्हणाला, “ते वेगळं होतं.” स्टुटगार्टला परत आल्यावर मी केसलरनाही सांगितलं. ते म्हणाले, तिथल्या नेमणुका तिथले लोक बघतील.

नेमणूक कोडीची झाली. लॉरेटाने तक्रार केली, तर परीक्षेच्या वेळी विनाकारण उत्पादन बंद पाडलं असा ठपका ठेवून तिलाच घरी बसवलं. माझ्या रिपोर्टमध्ये फक्त निकाल होता, दोघंही पास, पण त्या रविवारी दारावर चुंबक होतं की नव्हतं, हे सांगणारी तिसरी व्यक्ती फक्त मी. मॅनेजर शपथेवर सांगून बसला होता की नव्हतं.

अशा दाव्यात अमेरिकन कायदा एक प्रश्न विचारतो, आणि तो मला फार आवडला. त्याच जागी, तेच काम करणाऱ्या दुसऱ्या वंशाच्या माणसाला तुम्ही कसं वागवलंत? लॉरेटाच्या बाबतीत त्याचं पूर्ण उत्तर माझ्या डोळ्यांसमोर घडलं होतं. मी बोलले नाही तर ती खोटारडी ठरणार होती.

घरी नितीनला सांगितलं तेव्हा तो भांडी डिशवॉशरमध्ये लावत होता. नितीन माझा नवरा. त्याची त्या वर्षी नोकरी गेलेली आणि नवी लागायची होती.

“अगं, तू नाही गेलीस तर कोणी तुला नावं ठेवणार आहे का?” तो म्हणाला.

“लॉरेटा ठेवेल. आणि मी ठेवेन.”

“कॉन्ट्रॅक्ट नाही वाढवलं तर? या गावात घरभाडं काय आहे माहितीये ना?”

“माहितीये. म्हणूनच तर केसलर चष्मा पुसत होते. मला असं कोणी गप्प बसवलेलं चालणार नाही, नितीन. तुलाही माहितीये.”

आमची नऊ वर्षांची इरा गृहपाठावरून डोकं वर काढून म्हणाली, “पापा, ती बाई बरोबर होती तर मग प्रॉब्लेम काय आहे?” हे ती जर्मनमध्ये म्हणाली, आमच्याशी ती जर्मनमध्येच बोलते. नितीनने डिशवॉशरचं दार लावलं आणि फ्रँकफर्टचं तिकीट शोधायला लॅपटॉप उघडला. त्याला मी उगाच नवरा नाही केला.

साक्षीआधी कंपनीच्या अमेरिकन वकिलाने व्हिडिओ कॉलवर तयारी करून घेतली. त्याचं नाव हॅनली. फार गोड बोलायचा.

“एक विचारू?” मी म्हणाले. “तुम्ही माझे वकील की कंपनीचे?”

“कंपनीचा,” तो म्हणाला. ते त्याला सांगावंच लागतं. पण मी विचारलं नसतं तर कधी सांगितलं असतं कोण जाणे. आपल्याकडची माणसं इथेच फसतात. ऑफिसने वकील दिला म्हणजे तो आपला, असं धरून पोटातलं सगळं ओठावर आणतात.

मग त्याने नियम सांगितले. विचारलं तेवढंच सांगा. उत्तर छोटं द्या. उत्तर झालं की गप्प बसा, समोरचा शांत राहिला तरी ती शांतता तुम्ही भरायची नाही. आणि आठवत नसेल तर “आठवत नाही” हे पूर्ण उत्तर आहे.

“पण मला आठवतंय.”

“इतक्या दिवसांनंतर नेमकं आठवणं कठीणच असतं.”

“टेप हिरवी होती. माझ्या नखात अडकली होती.”

पडद्यावर हॅनली थोडा वेळ तसाच बसून राहिला. ती शांतता मी भरली नाही.

साक्ष फ्रँकफर्टला अमेरिकन वकिलातीत झाली. त्या दिवसाची रजा मी माझ्या हक्काच्या सुट्टीतून टाकली, कंपनीचे उपकार नकोत म्हणून. याला डिपोझिशन म्हणतात. खटला उभा राहण्याआधी दोन्ही बाजूंचे वकील साक्षीदाराला शपथेवर प्रश्न विचारतात आणि शब्दन् शब्द टिपला जातो. सिनेमातलं कोर्ट डोक्यात घेऊन गेलात तर निराश व्हाल. न्यायाधीश नाही, पिंजरा नाही, धर्मग्रंथावर हातही नाही. एक लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, आणि छोट्या मशीनवर टाइप करणारी एक बाई. ती मला सुरुवातीलाच म्हणाली, मान डोलवू नका, मशीनला मान दिसत नाही. मी डोलवतच होते.

वकिलातीतल्या अधिकाऱ्याने शपथ दिली आणि विचारलं, “तुम्ही इथे स्वखुशीने आला आहात?”

“हो,” मी म्हणाले. केसलर तिथे असायला हवे होते, असं फार वाटलं.

लॉरेटाची वकील मिस बर्क आधी बोलली. रविवार, बुधवार, चुंबक, टेप, ओरडणं, टाळ्या. मी जे पाहिलं ते सांगितलं. मधेमधे हॅनली “ऑब्जेक्शन” म्हणायचा आणि लगेच मला म्हणायचा, “आता उत्तर द्या.” मी चक्रावले. हरकत घेतोस आणि उत्तरही मागतोस? मिस बर्कने समजावलं, हरकत फक्त नोंदवायची असते, ती बरोबर की चूक हे पुढे न्यायाधीश ठरवतो. म्हणजे रागही नोंदवून ठेवायचा आणि कामही चालू ठेवायचं. आमच्या घरी नितीनची हीच पद्धत आहे.

मग हॅनलीची पाळी आली.

“तुम्ही लॉरेटाच्या घरी जेवायला गेला होतात?”

“हो.”

“म्हणजे ती तुमची मैत्रीण आहे.”

मला कळलं तो कुठे चाललाय. साक्षीदार मैत्रीण ठरली की साक्ष अर्धी पातळ होते.

“मी कोडीच्या घरीही जेवले,” मी म्हणाले. “मी मांस खात नाही, म्हणून त्याच्या आईने माझ्यासाठी वेगळ्या बीन्स शिजवल्या, हॅम न घालता. फार छान झाल्या होत्या. कोडी चांगला मुलगा आहे. त्यानेही बरोबरच बटण दाबलं.”

मशीनवरच्या बाईची बोटं भराभरा चालली. हॅनलीने कागद उलटसुलट केले. मग म्हणाला, “तुम्हाला आठवण करून देतो, ही साक्ष ऐच्छिक आहे. तुम्ही दमला असाल तर कधीही थांबू शकता.”

“मला पाणी हवंय,” मी म्हणाले. पाणी प्यायले. “हं, पुढचा प्रश्न.”

त्याने आवाज आणखी मऊ केला. “मिसेस जगताप, तुम्ही भारतात वाढलात, राहता जर्मनीत. आमच्या कारखान्यात तुम्ही जेमतेम तीन आठवडे होतात. अमेरिकेतले वंशाचे प्रश्न तुम्हाला कळतात असा तुमचा दावा आहे का?”

संतापाने माझे कान तापले. तो माझ्या अडाणीपणावर पांघरूण घालतोय असा त्याचा सूर होता. मला आमच्या गावातला हातपंप आठवला. वरच्या आळीतल्या बायकांची रांग आधी, आणि खालच्या आळीतल्या बायकांनी कळशा घेऊन लांब उभं राहायचं. नियम एकच होता म्हणे, आधी येईल त्याने आधी भरावं. माझी आई खालच्या आळीतली.

“मी कायद्याची जाणकार नाही,” मी म्हणाले. “पण समोर कोण उभं आहे ते पाहून नियम बदलतो, हे ओळखायला मला अमेरिकेत जन्माला यायची गरज पडली नाही. तेच दार, तेच चुंबक, तेच बटण. एकाला टाळ्या, एकीला घरचा रस्ता. का, ते तुमच्या मॅनेजरला विचारा. मी तिथे होते आणि मी पाहिलं.”

मी छोटं उत्तर द्यायचा नियम मोडला होता. हॅनलीने ऑब्जेक्शन घेतलं. बाईने तेही टाइप केलं. 

खटला ज्युरीपर्यंत गेलाच नाही. तिथले बहुतेक दावे असेच मिटतात म्हणे. माझी साक्ष कागदावर आल्यावर कंपनीने तडजोड केली. अटी गुप्त आहेत, मलाही माहीत नाहीत. एवढंच कळलं की मॅनेजर गेला आणि लॉरेटा परत आली, टीम लीड म्हणून. कोडी शेजारच्या लाइनचा लीड झाला.

माझं कॉन्ट्रॅक्ट वाढलं नाही. कारण बजेट, असं लेखी मिळालं. मी भांडले, पण मुदतीचं कॉन्ट्रॅक्ट मुदत संपली की संपतं, त्यात मला काही करता आलं नाही. रडले, हेही सांगते. नंतर दुसरी नोकरी मिळाली, सुरक्षा तपासणीची. घरापासून लांब आहे, एस-बान, म्हणजे इथली लोकल, बदलावी लागते.

जुन्या ऑफिसातल्या माझ्या शेवटच्या आठवड्यात लॉरेटाचा मेसेज आला होता. “आज लाइन थांबवली. बराच वेळ बंद होती. कोणी हूं की चूं केलं नाही.” तो मी जेवणाच्या सुट्टीत उभ्या उभ्या वाचला आणि माझं सूप गार झालं.

तिथल्या शेवटच्या दिवशी केसलर माझ्या टेबलापाशी आले. चष्मा आधीच हातात होता.

“फ्राऊ जगताप, खरं सांगा. एवढं सगळं करण्यात अर्थ होता का?”

“हो,” मी म्हणाले.

ते पुढचं ऐकायला थांबले. मी माझा कप बॅगेत भरला. विचारलं तेवढंच सांगावं, हे मला त्यांच्याच वकिलाने शिकवलं होतं.