तिखटाच्या डब्याचा किस्सा
ब्रिटिश गुंडांचे विनोदी सिनेमे मला मनापासून आवडतात. नवरा उठून जातो, मी इस्त्री करत करत बघते. त्यातले गुंड दरोड्याला निघाले तरी आधी चहावरून भांडतात, आणि आखलेला सगळा डाव हमखास फसतो. दिवसभर ऑफिसात इतरांचे फसलेले प्लॅन निस्तरल्यावर हे बघून बरं वाटतं.

त्यामुळे इथे लंडनमध्ये, एजवेअरला आमच्यापासून दोन घरं सोडून एकट्या राहणाऱ्या काकूंकडे भरदुपारी चोरी झाली, तेव्हा डोअरबेलच्या कॅमेऱ्यातलं चित्रण बघून मी चक्क हसले. आपल्या बायका सोनं डब्यात लपवतात, एवढा अभ्यास करून चोर आले होते. एकाने तिखटाच्या डब्यात हात घातला असणार आणि मग डोळे चोळले असणार. बाहेर येऊन तो भलत्याच गाडीचं दार ओढत होता आणि दुसरा त्याला कॉलर धरून आपल्या गाडीकडे नेत होता. सोनं होतं बँकेत. हाती लागला खोटा हार.

"नागपूरचं तिखट आहे म्हणावं, आधी चव तरी बघायची!" काकू म्हणाल्या. मी आणखी हसले.

पुढे गणपतीत, वाढदिवसाला मीच फर्माईश करायची, "काकू, ते सांगा ना." त्या सांगायच्या, दर वेळी थोडं वाढवून. मिल्टन कीन्सहून त्यांच्या मुलाने मला फोन केला, "आई ठीक आहे ना? वीकेंडला येऊ का?" मी म्हटलं, "एकदम मजेत आहेत. तू नको धावपळ करू."

मागच्या आठवड्यात कोथिंबीर द्यायला गेले. हाक मारूनही दार उघडेना. मग आतून काहीतरी जड सरकवल्याचा आवाज आला. दार उघडल्यावर दिसलं, दारामागे खुर्ची होती, तिच्यावर चपातीच्या पिठाची गोणी. तीही भर सकाळी.

"काकू, त्या दिवशी तुम्ही कुठे होता?" हे मी पहिल्यांदाच विचारलं.

"वर. बाथरूममध्ये, कडी लावून. फोन खाली राहिला होता. ते एकेक डबा उघडत होते, ते सगळं ऐकू येत होतं गं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू हसत होतीस ना." सूर आरोपाचा नव्हता, हेच वाईट. "माझ्या मुलाला सांगू नकोस हं. घर विकायला लावेल आणि मला तिकडे नेईल."

त्या सिनेमांत घरातलं माणूस कुठे होतं, हे कधीच दाखवत नाहीत. मीही विचारलं नव्हतं.

घरी येऊन मी काकूंच्या मुलाला फोन केला. "मी चुकीचं सांगितलं. ये."

तो शनिवारी आला. चहा झाल्यावर काकूंनी स्वतःच किस्सा सुरू केला आणि तिखटापाशी येऊन, सवयीने, माझ्याकडे पाहिलं. मी हसले नाही. त्या अडखळल्या.

"काकू," मी म्हटलं, "बाथरूमपासून सांगा."

त्यांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्या दोघा चोरांना दार मीच उघडून दिलं होतं.