नऊ मिलिमीटरची चोरी

माझ्या मामाला चोर ठरवलं गेलं ते गेल्या फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवारी, दुपारी पावणेबारा वाजता, कोल्हापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॉलमध्ये, शे-दीडशे माणसांसमोर. ठरवणारे परीक्षक त्याच कॉलेजात प्राध्यापक आहेत. चोरी कशाची, तर एका युद्धनौकेच्या ड्रॉइंगची. जी युद्धनौका जगात कुणी कधी बांधलीच नाही, तिच्या ड्रॉइंगची. आधी एवढं पचवा, मग पुढं वाचा.

मामा फाउंड्रीत पॅटर्नमेकर आहे. लोखंड ओतायच्या आधी त्या भागाचा लाकडी नमुना करावा लागतो, तो करणारा. शिक्षण दहावी. कारखान्यात सगळे त्याला मिस्त्री म्हणतात.

स्पर्धेची बातमी घरी आणली मीच. आमच्या मोर्चाची पत्रकं चिकटवायला त्या कॉलेजच्या भिंतीपाशी गेले होते, शेजारीच त्यांची जाहिरात होती. पहिल्या महायुद्धाच्या आधी बांधता आली असती अशी युद्धनौका कागदावर तयार करा, त्या काळात जे माहीत होतं तेवढंच वापरा. खाली ठळक अक्षरात, 'सर्वांसाठी खुली'. हा शब्द मी खरा मानला. पत्रकं लिहिणाऱ्या माणसानं तरी असं करायला नको होतं.

मामानं जहाज फक्त टीव्हीवर बघितलेलं. मामी म्हणाली, "बांधून सोडणार कुठं, रंकाळ्यात?" मामा म्हणाला, "रंकाळ्यात मावायचं न्हाय. पाच हजार एकर तळं खणायला सांग तुझ्या भावाला." आणि कामाला लागला.

पाच महिने चाललं ते. मी लायब्ररीतून जुनी पुस्तकं आणायची, इंग्रजी वाचून त्याला मराठीत सांगायची. तोफा वाढवल्या की वजन वाढतं, चिलखत पातळ करावं लागतं. चिलखत जाड केलं की बॉयलर कमी, वेग गेला. मामाला हे सांगावं लागलंच नाही. जन्मभर तो हेच करत आलाय, एकीकडं जाडी दिली की दुसरीकडून काढायची. तोफांच्या घुमटाचं वजन किती धरायचं यावर मी कागदावर आकडेमोड करत बसले, तर त्यानं सागवानात छोटा घुमट कोरला आणि समोरच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवला. लाकडाच्या वजनावरून ओतीव मालाचं वजन काढायची त्यांची रोजची रीत आहे. मोठ्या मापाला गुणायचं काम माझ्याकडं आलं. पुस्तकातल्या त्या काळच्या घुमटांच्या इतकं जवळ उत्तर आलं की मी दोनदा गुणून बघितलं.

भांडण एकदाच झालं. मी दाखवलेल्या एका जुन्या जहाजावर टेहळणीचा खांब धुराड्याच्या मागं होता. मी म्हटलं, आपणही तसाच ठेवू. मामा तीस वर्षं भट्टीच्या धुरात उभा राहिलेला माणूस. म्हणाला, "वर माणूस बसवायचाय का पापड भाजायचाय?" खांब धुराड्याच्या पुढं आला. नंतर पुस्तकात वाचलं, त्या जहाजावरचे खलाशी खरंच धुरानं हैराण झाले होते.

ड्रॉइंग पेन्सिलनं, हातानं काढलं. दोनशेला एक असं प्रमाण. जहाज एकशे ऐंशी मीटर लांब, म्हणजे कागदावर नऊशे मिलिमीटर. मी शेवटी प्रत्येक रेघ मोजली. सगळं जुळलं.

परीक्षकांनी त्यांची पट्टी लावली तेव्हा नऊशे नऊ भरलं. रुंदी मोजली, तीही वाढीव. घुमट, धुराडी, सगळं शंभराला एक या हिशेबानं मोठं. त्यांनी पट्टी खाली ठेवली आणि माइक हातात असतानाच सांगितलं, की सगळीकडं सारखीच वाढ म्हणजे उघड आहे, कुठल्या तरी ड्रॉइंगची मोठी झेरॉक्स काढून वरून ट्रेस मारलंय.

मामाच्या तेव्हाच लक्षात आलं. माझ्या आलं नाही. ओतलेलं लोखंड थंड होताना आटतं, म्हणून पॅटर्न जरा मोठा करावा लागतो. त्यासाठी या लोकांची पट्टीच वेगळी असते, तिच्यावरचा प्रत्येक मिलिमीटर केसभर मोठा. तिला श्रिंकेजची पट्टी म्हणतात. दिसायला साध्या पट्टीसारखीच, फक्त कोपऱ्यात खूण, आणि मामाच्या पट्टीवरची खूण कधीच झिजून गेलेली. तीस वर्षं हात तिच्यावर जातो, तसा याही वेळी गेला. आणि मी तपासलं तेही त्याच पट्टीनं. जुळणार नाही तर काय.

मामा उभा राहिला. एवढंच बोलला, "पट्टी श्रिंकेजची हाय साहेब. चूक माझी हाय. नक्कल न्हाय."

हे गृहस्थ पोरांना ओतकाम शिकवतात. श्रिंकेजवर परीक्षेत प्रश्न काढतात. ते हसले आणि म्हणाले, "म्हणजे काका, पाण्यात उतरल्यावर हे जहाज आटणार म्हणायचं?"

हॉल हसला. पहिल्या रांगेतले मोठ्यानं, मागचे त्यांचं बघून. मी चौकात माइकवरून आमदाराला जाब विचारलाय, पण त्या दिवशी माझं तोंड उघडलं नाही. नऊ मिलिमीटर माझ्याही डोळ्यांना दिसत होते आणि क्षणभर, एक क्षणभर, मलाही वाटलं की मामानं कुठून तरी उचललंय काय. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. इथं वाचेल.

ड्रॉइंगवर लाल शाईनं शेरा मारला: नक्कल, बाद. तसंच ते दोन दिवस हॉलमध्ये टांगून ठेवलं. माप चुकलं म्हणून बाद केलं असतं तर मामानं मान खाली घालून कागद गुंडाळला असता. तक्रार 'बाद' या शब्दाची नाहीच. त्याच्या आधीच्या शब्दाची आहे.

कारखान्यातली माणसंही बघून आली. पहिले काही दिवस, "मिस्त्री, आटलं का जहाज?" एवढ्यावर होतं, मामाही हसायचा. मग मालकाच्या कानावर गेलं. आता मामाचा प्रत्येक पॅटर्न दुसऱ्या माणसाकडून तपासून घेतात. तीस वर्षांत हे कधी झालं नव्हतं. मामा घरी येऊन सांगतो, आज तपासणाऱ्या साहेबांनी अमुक पॅटर्न बघितला, बरोबर निघाला, आणि जेवायला बसतो. खाटेखालचा ड्रॉइंग बोर्ड मामीनं माळ्यावर टाकला, तो खाली काढ असं मामा म्हणाला नाही.

मी अर्ज दिला. मूळ ड्रॉइंग दाखवा म्हटलं, ज्याची नक्कल केली ते. असं जहाज कुठल्या पुस्तकात आहे, पान सांगा. ऑफिसातल्या बाईंनी तोंडी उत्तर दिलं, परीक्षकांचा निर्णय अंतिम. दुसरा अर्ज दिला, त्याची पोचसुद्धा दिली नाही.

तुमच्यापैकी बरेच जण त्या हॉलमध्ये होते. काही जण या शहरात पॅटर्न करून, लोखंड ओतून पोट भरता, शंभराला एक म्हणजे काय ते तुम्हाला झोपेतही सांगता येईल, आणि तरी गप्प बसलात. मामाला बक्षीस नको, माफीही नको. त्या कॉलेजच्या ऑफिसात जा, स्वतःच्या सहीनं लिहून द्या की 'नक्कल' हा शब्द खोडा आणि खोडल्याचं लेखी द्या. पोच घेतल्याशिवाय हलू नका. जे हसले होते, त्यांनी उद्याच जा.