टाचण्यांचं लोहचुंबक

मावशी शिवणकाम करते. सांडलेल्या टाचण्या गोळा करायला तिच्याकडे एक लोहचुंबक आहे. घरात तिचा पूर्ण विश्वास फक्त त्याच्यावर. तिच्या नवऱ्याचा, म्हणजे आमच्या काकांचा, नंबर त्यानंतर.

काकांना अभिमान नळाचा. "जिन्याखालचा पाइप माझ्या वडिलांनी बसवलेला. आजवर थेंबभर गळला नाही. हल्ली असा माल मिळतो का?" असं ते पाहुण्यांना पाणी देताना सांगत. पाहुणे मान डोलवत आणि पाणी पीत.

शेजारच्या घरात शिशाचा पाइप निघाला, तशी मावशी लोहचुंबक घेऊन जिन्याखाली शिरली. मी बॅटरी धरली. चुंबक पाइपाला चिकटेचना. मग तिने कात्रीच्या टोकाने पाइप खरवडला. तो साबणासारखा सहज खरवडला गेला आणि आतून चांदीसारखा चमकला.

"शिसं," मावशी म्हणाली आणि कात्री पुसली. "विष आहे ते."

काका उखडले. "सकाळी सकाळी हे काय अभद्र! तुझं बोलणं म्हणजे कानात शिसं ओतल्यासारखं!"

"कानात गेलं तर एवढी बोंब? लग्न झाल्यापासून रोज तेच पोटात ओततोय आपण."

"पण आपण पाणी उकळून पितो!"

"उकळून जंतू मरतात. शिसं कशाला मरेल?"

मग घसा कोरडा पडला म्हणून काकांनी सवयीने पाणी मागितलं. कुणीच उठेना.