बिनचिठ्ठीची नोकरी

आष्टी तालुक्यात नोकरी लागते ती चिठ्ठीने, असं माझ्या वडलांचं ठाम मत होतं. त्यांना आम्ही दादा म्हणतो. दादा मेंढपाळ, दिवाळी झाली की कळप घेऊन नगरकडे उतरायचे ते पावसाळ्याच्या तोंडावर परतायचे. मी घरातली पहिली पदवीधर, संगणकशास्त्राची, आणि वर्षभर घरी बसलेली.

"साहेबांच्या रानात चार रात्री मेंढ्या फुकट बसवतो," एक दिवस दादा म्हणाले. साहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. मेंढ्या रात्रभर रानात बसल्या की जमिनीला खत मिळतं आणि त्याबदल्यात शेतकरी ज्वारी देतो, अशी आमच्याकडची रीत. "ज्वारी नगं, लेकीसाठी चिठ्ठी द्या म्हणतो. त्यांच्या कारभाऱ्याच्या कानावर घातलंय. कुठंतरी चिकटंल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळी हयात माळावर ताठ चाललेला माणूस माझ्यापायी कुणाच्या पायरीवर हात जोडून बसणार, हे मला सहन होईना. "कळप निघायच्या आत मी नोकरी मिळवते, तोवर तुम्ही तिकडं फिरकायचं नाही," असं सांगून मोकळी झाले. हातात जेमतेम दीड महिना होता.

नोकरदार माणसांच्या ओळखी जिथे होतात अशा एका साईटवर मी खातं उघडलं आणि अनोळखी अधिकाऱ्यांना मेसेज धाडायला लागले. "माननीय महोदय, मी गरीब व होतकरू विद्यार्थिनी असून..." शिष्यवृत्तीसाठी तहसीलला करतात तसला अर्ज! मजकूर एकच, वरचं नाव तेवढं बदलायचं. एकदा तेही बदलायला विसरले. उत्तर कुणाचंच आलं नाही, आणि का यावं? मीही चिठ्ठीच मागत होते, फक्त पायरी वेगळी होती.

मग पुण्यातल्या एका कंपनीचं मेंढपाळांसाठीचं ॲप नजरेला पडलं. लसीची आठवण करून देणारं, जवळचा जनावरांचा डॉक्टर दाखवणारं. ते दादांच्या मोबाइलवर टाकून मी आठवडाभर कळपामागे हिंडले. ॲप कुठे अडतं ते मला दुसऱ्याच दिवशी कळलं, पण म्हटलं, खात्री करूनच बोलावं. मग ॲपचं काम बघणाऱ्या मॅडमना लिहिलं: "तुमचं ॲप गाव एकदाच विचारतं. आमचा कळप वर्षातले सहा-सात महिने गावात नसतो. मेंढी आजारी पडते दुसऱ्या जिल्ह्यात आणि तुम्ही डॉक्टर दाखवता आष्टीचा. रोजचा मुक्काम कसा टाकता येईल ते मी करून पाहिलंय, सोबत पाठवते. हेच काम तुमच्याकडे येऊन करायला आवडेल." बस, एवढंच. ना गरीब, ना होतकरू.

तिसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा मी माळावरच होते. मॅडमनी अर्धा तास माझी उलटतपासणी घेतली आणि मी कुठेही अडखळले नाही. मग त्या म्हणाल्या, "वडील जवळ आहेत का? त्यांच्याशी दोन शब्द बोलते."

मी फोन स्पीकरवर टाकून दादांसमोर धरला. मॅडमनी विचारलं, "मुलीला मेंढ्यांमधलं कितपत कळतं?"

"खरं सांगू का ताई, लई कळत न्हाई," दादा म्हणाले. मी कपाळावर हात मारून घेतला. "पर चुकलेलं दिसलं की ती गप बसत न्हाई. मलाबी सोडत न्हाई."

मॅडम हसल्या की नाही, ते वाऱ्यात ऐकू आलं नाही. दोन दिवसांनी नेमणुकीचं पत्र आलं. ते दादांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी मला सगळं पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. मला फार म्हणजे फार आनंद झाला होता.

कळप निघाला त्या दिवशी मी वेशीपर्यंत सोबत गेले. वाटेत साहेबांच्या शेतीचा कारभारी भेटला.

"का रं, परस्पर निघालास? साहेबांकडं चिठ्ठीला येनार हुतास ना?"

"चिठ्ठी नगं आता," दादा चालता चालताच म्हणाले. "रानात मेंढ्या बसवायच्या असतील तर रातीला किती ज्वारी देता, तेवढं बोला."