गच्चीच्या दाराची कडी

बाहेरून कुलूप घातलेलं घर दिसलं की मे महिन्यातली ती दुपार आजही आठवते.

मी तेव्हा अमरावतीत ठाणेदार होतो. एकच्या सुमारास हमाली करणारा एक माणूस ठाण्यात आला. त्याची बायको धुणीभांडी करायची. बारापर्यंत घरी येणारी बाई आलीच नव्हती. मोबाइल ती घरी लेकीजवळ ठेवून गेली होती. अंजनगावला माहेरीही त्याने विचारून घेतलं होतं. तासाभराच्या उशिरासाठी मिसिंग लिहायची का, म्हणून आमचे हवालदार हसले.

तेवढ्यात त्याच्या गल्लीतून फोन आला. आदल्या रात्री नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण झालं होतं, 'जिवंत ठेवत नाही' असं तो ओरडला होता. झालं! माझ्या डोक्यात संशयाचा किडा शिरला. त्याला आतल्या खोलीत घेतलं.

"भांडण कशावरून झालं?"

"उन्हाचं कामाले जाऊ नको म्हटलं, साहेब. आयकतच नाई. रागात बोललो."

"कुठे आहे ती?"

"तिच्या बाईच्या घरी पाहा ना! ते लोकं तीन महिने पोराकडे चालले. आज टाकी धुवायची हाय म्हणे."

शिपाई पाठवला. दाराला कुलूप, मीटर बंद. हाकेला उत्तर नाही, आणि आजूबाजूला घरोघरी कूलर घरघरत होते. तो परत आला. मीही तेवढ्यावर समाधान मानलं आणि दोन तास त्या माणसाला उलटसुलट विचारत बसलो. तो रडला नाही, नुसता घड्याळाकडे बघत होता. निर्ढावलेला आहे, असं मी ठरवूनही टाकलं.

चारला घरमालकांचा फोन लागला. ते बडनेऱ्याहून सकाळीच गाडीत बसले होते. घर बंद करण्याची त्यांची तयारी चोख होती. गॅसचा रेग्युलेटर काढला, फ्रिज रिकामा करून दार उघडं ठेवलं, कूलर सुकवला, मेन स्विच बंद केला, गच्चीवरच्या टाकीचं पाणी सोडून दिलं, असं ते कौतुकाने सांगत होते.

"टाकी कोणी रिकामी केली?"

"कामवालीनं. 'येतो' म्हणून गेली ना थे. ऑटो दारात होता, मग आमी गच्चीच्या दाराले आतून कडी..."

ते थांबले. मागून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, "अवो, तिले खाली जाताना पाह्यलं कोणं?"

नवऱ्याला जीपमध्ये घेऊनच निघालो. पंचांसमक्ष कुलूप तोडलं. जिना चढून गच्चीचं दार उघडलं तेव्हा टाकीच्या हातभर सावलीत ती पडली होती, अंगावर ओला पदर. श्वास चालू होता. उरलेली टाकी धुवायला ती पुन्हा वर गेली होती.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर ती मला म्हणाली, "साहेब, बाईले सांगू नका. टाकी पुरी नाई सुकवली म्या. पाखरायसाठी बादलीभर पाणी ठेवलं होतं."

त्या बादलीनेच ती वाचली होती. माझ्या तपासाने नव्हे. नवऱ्याने पहिल्या पाच मिनिटांत मला जागा सांगितली होती, पण मी त्याच्याकडून कबुली काढायला बसलो होतो. माणूस खोटं कुठे बोलतो ते ओळखायला मी नोकरीभर शिकलो. खरं बोलत असलेला माणूस ओळखायला त्या दिवशी शिकलो, आणि त्याची लाज अजून गेलेली नाही.

माफी मागावी म्हणून मी व्हरांड्यात त्याच्याजवळ गेलो. मला पाहून तो ताडकन उठला, हात जोडले आणि विचारलं,

"साहेब, आता जाऊ का तिच्यापाशी?"