सातवे काका टेबल पुसून गेले

ग्वांगचौच्या गल्लीबोळांत कँटनीज बोलणाऱ्यांना तोटा नाही, पण पुई-यीच्या ऑफिसात ती भाषा येणारी ही एकटीच. बाकीचे सगळे उत्तरेकडचे, मँडरिनवाले. नेटवरचा नको तो मजकूर उडवणं हे त्यांचं काम. कँटनीजमधली टवाळी मात्र त्यांच्या डोक्यावरून जायची, म्हणून तर हिला नोकरी लागली. दर सोमवारी बंदी घालायचे नवे शब्द हिने पुरवायचे. घरी तिने 'डेटाचं काम' एवढंच सांगितलं होतं.

शब्द शोधायला तिला लांब जावं लागत नसे. रविवारी सकाळी वडिलांबरोबर चहाघरात बसलं की पुरे. वडील आणि त्यांचे म्हातारे दोस्त आठवडाभर नेटवर सरकारची टर उडवत आणि रविवारी नवी हत्यारं पाजळत.

तिथे सातवे काका नावाचा वेटर होता. शेवटचा घास तोंडात जायच्या आत बशी उचलून टेबल पुसायचा. त्या रविवारी त्याने वडिलांची अर्धी कोळंबी पळवली.

"सुचलं!" वडील ओरडले. "पोस्ट उडाली की 'खेकड्यानं खाल्ली' म्हणणं आता पुरे. ते शेंबड्या पोरालाही कळतं. आता म्हणायचं, सातवे काका टेबल पुसून गेले!"

"लेका, मग टाक की लगेच!" दोस्तांपैकी काऊ काका म्हणाले.

"उद्या संध्याकाळी. जरा मीठमसाला लावून."

सगळ्यांत जास्त हसली ती पुई-यी. ते हसू खोटं नव्हतं, हेच वाईट.

सोमवारी सकाळी तिने ते वाक्य ऑफिसात देऊन टाकलं. नेटवर ते कुणी अजून लिहिलेलंच नाही, हे कामाच्या नादात तिच्या ध्यानातच आलं नाही. संध्याकाळी वडिलांनी बटण दाबलं. पोस्ट दिसलीच नाही. पुन्हा दाबलं, तेच. ते वाक्य फक्त त्या टेबलाशी बसलेल्यांनी ऐकलं होतं, आणि तिथल्या म्हाताऱ्यांपैकी कुणी डेटाचं काम करत नव्हतं.

पुढच्या रविवारी तिने चहा ओतला. वडिलांनी रीतीप्रमाणे बोटाने टेबल ठोकून आभार मानले आणि मोडक्यातोडक्या मँडरिनमध्ये म्हणाले, "आज हवा छान आहे, मॅडम." दोस्तांनी माना डोलावल्या.

"बाबा, असं नका ना बोलू," ती कँटनीजमध्ये म्हणाली.

"माफ करा," वडील मँडरिनमध्येच म्हणाले, "ही भाषा मला येत नाही."